साहेबांची मंजुरी

सोलच्या सांगाम-दोंग भागात टीव्हीवाल्यांच्या काचेच्या उंच इमारती आहेत. त्यांतल्या कुठल्याही इमारतीत मालिका विभागाचा मजला गाठा, हे साहेब भेटतीलच. हाताखालची मंडळी त्यांना अदबीनं ‘बुजांग-निम’, म्हणजे विभागप्रमुख, म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात ते छापण्याजोगं नाही.

साहेबांचा प्रेमाला विरोध नाही. दोन पुरुषांच्या प्रेमालाही नाही. फक्त सोळावा भाग संपायच्या आत त्यांतला एक बाई निघाला पाहिजे. २००७ची ‘कॉफी प्रिन्स’ ही मालिका त्यांना तोंडपाठ आहे. तू पुरुष असलास तरी चालेल, असं नायक कळवळून सांगतो, तेव्हा साहेब आजही रुमाल काढतात. निर्धास्तपणे काढतात, कारण समोरचा पोरगा मुलगी आहे हे पहिल्या भागापासून ठाऊक असतं. मग ‘सुंगग्युनग्वान स्कँडल’ आली, मग आणखी आल्या. या मालिकांवर विश्वास ठेवला तर कोरियाच्या जुन्या जोसन राजवटीत पुरुषवेशातल्या मुलींचा सुळसुळाट होता म्हणायचा. ‘द किंग्ज अफेक्शन’मध्ये तर युवराजच मुलगी, आणि त्या मालिकेला २०२२ साली आंतरराष्ट्रीय एमी. “बघा, जगालाही हेच हवंय!” साहेब म्हणाले.

अशात एक तरुण लेखिका संहिता घेऊन आली. कॉलेजातली दोन मुलं, एकमेकांच्या प्रेमात.

“यातली मुलगी कोण?”

“कुणीच नाही.”

“मग रहस्य काय?”

साहेबांनी तिला समजावलं. तीन सेकंद एकमेकांकडे पाहिलं तर मैत्री, चार सेकंद पाहिलं तर तक्रारींचा पाऊस. ते अगदीच खोटं बोलत नव्हते. २०१० साली ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ मालिकेतल्या दोन पुरुषांच्या जोडप्याविरुद्ध पालकांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. २०१५ साली जेटीबीसीवरच्या मालिकेत दोन शाळकरी मुलींनी एकमेकींचं चुंबन घेतलं आणि नियामक मंडळानं वाहिनीला ताकीद दिली. २०२१च्या चांद्र नववर्षाला एसबीएस वाहिनीनं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ चित्रपटातली पुरुषांची चुंबनं कापली, ते साहेबांना विशेष पटलं. “सणाचा दिवस. घरात आज्या असतात.”

आज्यांचं भय घालणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं: ते २०१०चं जोडपं लिहिणाऱ्या किम सू-ह्यन तेव्हा सत्तरीकडे झुकलेल्या होत्या, त्या कोण?

लेखिका संहिता घेऊन ओटीटीकडे गेली. तिकडे २०२२ साली वॉचावर ‘सिमँटिक एरर’ गाजली होती: एक डिझाइनचा, एक कॉम्प्युटरचा, दोघंही शेवटपर्यंत मुलगेच. बाजाराचा अभ्यास म्हणून साहेबांनीही ती बघितली. मेट्रोत, फोन छातीशी धरून, आठही भाग. काही भाग अभ्यासासाठी दोनदा.

दुसऱ्या दिवशी बैठकीत कुणीतरी भीत भीत विचारलं, कशी वाटली?

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. “आक्षेपार्ह,” ते म्हणाले. “एवढे छोटे भाग करतात का कुणी?”