सून राळेगावात, फोन नागपुरात

“ऐकलं का वहिनी? त्या मागच्या घरातल्या नव्या भाडेकरणीले सासूनं अमरावतीहून फोनवर लय सुनावलं म्हणे. म्हणते, तुमी राळेगावले गेलेच नाई, नागपूरलेच बसून हा आन् मले येड्यात काढून रायले!”

काकूंकडे बातमी आली की ती आधी आमच्या मधल्या तारेच्या कुंपणापाशी येते, मग गल्लीत जाते. दिवाळी होऊन गेलेली, वेचणीचे दिवस, काका सकाळीच वावरात गेलेले. काकू सुपात लसूण घेऊन सोलायला उभ्या राहिल्या म्हणजे गप्पा लांबणार हे नक्की.

“पण ती तर इथंच आहे. काल गुजरीत भेटली मला.”

“हाव ना, म्याही पायलं. पन सासूच्या मोबाईलवर नकाशा हाय. त्यात लेकाचा आन् सुनेचा असे दोन टिकले दिसते. सुनेचा टिकला दिवसभर नागपूरच्या जुन्या घरावर. लेकाचा सकाळी राळेगावच्या हापिसात येते, संध्याकाळी घरात पाय ठेवला की पुन्हा नागपूर! म्हातारी म्हणते, रोज येनं-जानं करते का काय पोट्टा?”

मला एकच विचारायचं होतं. बदलीच्या सामानात त्यांनी वायफायचा डबा नागपूरहून आणला का?

“एक नाई, दोन. एक खालचा, एक माडीवर रेंज पोचवाचा.” काकूंना हेही ठाऊक होतं. टेम्पोतून सामान उतरलं तेव्हा त्या इथंच उभ्या होत्या.

मग उलगडा झालाच. मोबाईल जागा ओळखतो ती फक्त आकाशातल्या उपग्रहांवरून, असं आपल्याला वाटतं. घरात स्लॅबखाली उपग्रहांचा आवाज नीट पोचत नाही. अशा वेळी फोन आजूबाजूचे वायफायचे डबे ऐकतो. त्यांना जोडलेलं असायची गरज नाही, पासवर्डही लागत नाही. प्रत्येक डबा आपला एक कायमचा क्रमांक सतत हवेत सोडत असतो. घरमालकानं डब्याला ‘जय गजानन’ नाव दिलं काय आणि ‘फुकट्यांनो दूर राहा’ दिलं काय, आतला क्रमांक तोच राहतो. गूगल आणि अ‍ॅपल यांच्याकडे कोणता क्रमांक कोणत्या जागी ऐकू आला याची प्रचंड मोठी नोंदवही आहे. काकू डोळे मिटून बसल्या तरी डावीकडून पिठाच्या गिरणीचा आवाज आणि उजवीकडून देवळातली घंटा आली की आपण कोणत्या वळणावर आहोत ते सांगतील, फोनचं तसंच. फक्त इथं गिरणी आणि देऊळ दोन्ही टेम्पोत घालून नागपूरहून आणलेली. घरातल्या फोनला हे दोन ओळखीचे आवाज जोरात ऐकू आले आणि त्यानं बेधडक नागपूर सांगितलं.

“मंग हे कायमचंच का?”

“नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन अंगणातून उपग्रहावरची जागा घेतात आणि तोच डबा ऐकतात. हळूहळू वही आपोआप दुरुस्त होते.”

इथं काकूंचे हात थांबले. “म्हंजे आपले फोन आपल्याच गल्लीची खबर त्याईले पोचवते? आपल्या घरचा डबाही त्या वहीत?”

“हो.”

“कोनाले इचारून?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे असायला हवं त्यांनाही ते देताना घाम फुटला होता. बॉस्टनच्या स्कायहूक नावाच्या कंपनीनं 2003 पासून शहरोशहरी गाड्या फिरवून असे डबे नोंदवले. 2008 च्या जानेवारीत पहिल्या आयफोनला नकाशावर जागा दिसू लागली ती याच नोंदींच्या आणि टॉवरच्या जोरावर, कारण त्या फोनात उपग्रहाचं यंत्र नव्हतंच. गूगलच्या रस्त्यांचे फोटो काढणाऱ्या गाड्याही वाटेतले डबे टिपत होत्या. त्या गाड्यांनी उघड्या वायफायवरून जाणाऱ्या लोकांच्या मजकुराचे तुकडेही उचलले, हे 2010 च्या मे महिन्यात कंपनीला कबूल करावं लागलं आणि युरोपात मोठा गदारोळ झाला. आता गाडीची गरज उरली नाही. गाडीचं काम आपण सगळे खिशात घेऊन हिंडतो.

वहीतून नाव काढायची सोय आहे. डब्याच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि ‘नोमॅप’ असं इंग्रजीत जोडायचं. ज्याला नोंद नको त्यानंच आपल्या दारावर पाटी लावायची, असा हा न्याय. काकूंना तो अजिबात पटला नाही. मलाही नाही. फोनच्या लोकेशनच्या सेटिंगात ‘वायफाय स्कॅनिंग’ म्हणून वेगळं बटण असतं, ते चालू असेल तर वायफाय बंद केलं तरी फोन डबे ऐकतच राहतो, हे सांगितल्यावर काकूंनी मोबाईल पदरातून काढून सुपाच्या पलीकडे ठेवला.

“आन् ज्याच्याजवळ साधा बटनाचा फोन हाय त्याचं? मागं त्या चौकातल्या बुढ्याले हुडकलं होतं ना पोलिसाईनं, टॉवरवरून?”

ती हकिकत गल्लीला पाठ आहे. म्हातारबाबा रागानं घरातून निघून गेले. पोलिसांनी टॉवर हायवेवरच्या वडकीचा सांगितला. घरचे हायवेवरचे सगळे धाबे रात्रभर पालथे घालत बसले. बाबा सकाळी निघाले कुठे, तर त्याच बाजूच्या एका नातेवाइकाच्या वावरातल्या झोपडीत, चहा पीत. तेव्हापासून गल्लीत दोन तट आहेत. एक म्हणतो पोलिसांना काही कळत नाही, दुसरा म्हणतो बुढा धाब्यावरच होता, झोपडी मागाहून सुचली.

मला विचाराल तर बाबाही खरे आणि टॉवरही खरा. टॉवर माणूस दाखवत नाही, आपला पल्ला दाखवतो. साधारणपणे एका टॉवरवर तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात, प्रत्येकाकडे गोलाचा तिसरा हिस्सा. त्यामुळे फोन कोणत्या बाजूला आहे तेवढं समजतं. लहर जाऊन यायला किती वेळ लागला यावरून अंतराचा अंदाज येतो, पण जुन्या टू-जीत तो अंदाज साधारण साडेपाचशे मीटरच्या पायऱ्यांनीच मोजला जातो. पुण्या-मुंबईत टॉवर इतके दाट की हा तुकडा एखाद्या गल्लीएवढा होतो. आपल्याकडे एक टॉवर कितीतरी किलोमीटरचं रान सांभाळतो. टू-जीचा एक टॉवर तर 35 किलोमीटरपर्यंत फोन धरू शकतो. शिवाय फोन जवळचाच टॉवर धरेल असंही नाही, ज्याचा आवाज मोठा त्याचा हात धरतो. वर्धा नदीच्या काठच्या वावरात उभ्या असलेल्या माणसाचा फोन नदीपलीकडचा टॉवर धरू शकतो. माणूस यवतमाळ जिल्ह्यात आणि नोंद वर्धा जिल्ह्यात! दोन-तीन टॉवरना एकाच वेळी तो फोन ऐकू येत असेल तर वर्तुळं एकमेकांवर ठेवून जागा बरीच आवळता येते. पण उघड्या रानात दुसरा टॉवर ऐकू येईलच याची खात्री कोण देणार?

“तरी पन निघते ना बाप्पा. माह्या भाच्याच्या वळखीचा एक हाय. म्हणे पैसे देल्ले की कोनाचेही कॉल कोठून गेले थे काढून देते.” काकूंचा आवाज खाली आला. कुणाची नोंद काढायची त्यांच्या मनात होतं, ते मी इथं लिहीत नाही.

मी त्यांना ठाण्याची गोष्ट सांगितली. 2018 च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी हाच धंदा करणारी साखळी पकडली. लोकांच्या कॉलची आणि टॉवरची नोंद चोरून मिळवायची आणि विकायची. खासगी गुप्तहेरांना अटक झाली, गिऱ्हाइकांपर्यंत चौकशी गेली. अशी नोंद मोबाईल कंपनीकडून मागायचा अधिकार 2013 पासून पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच आहे. भाच्याच्या ओळखीचा कुणी त्यात बसत नाही. लग्नाआधी मुलाची माहिती काढायला, नवऱ्यावर नजर ठेवायला असली नोंद मागणाऱ्या घरांना मात्र आपण गुन्हा करतो आहोत असं वाटतच नाही. मला या सगळ्यात हेच जास्त भीतीदायक वाटतं.

“माय वो, एसपीसाहेब लागते?” काकूंनी विषय तिथंच सोडला.

पोलिसांनाही सगळीच मुभा नाही. 8 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयात असाच प्रश्न आला होता. जामीन देताना आरोपीनं गूगल मॅपवर आपली पिन टाकून ठेवावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठं आहे ते दिसेल, अशी अट उच्च न्यायालयानं घातली होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ती काढून टाकायला लावली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना असं सतत डोकावता येणार नाही, असं ते म्हणाले. यातली मजा वेगळीच. गूगलनं स्वतःच कोर्टाला सांगितलं की पिन टाकल्यानं माणसाचा माग लागतच नाही. म्हणजे अट जाचक होती आणि वर निरुपयोगीही.

“आरोपीले सूट हाय आन् त्या सुनेले नाई,” काकू म्हणाल्या.

यावर मी काय बोलणार! एवढ्यात काकूंची स्वतःची सून बाहेर आली. ती शिकलेली आहे, वावराचे ऑनलाइन व्यवहार तीच पाहते. तिला भलतीच शंका होती. “ताई, ई-पीक पाहणीचा फोटो काढला तवा वावरात एक कांडी रेंज नव्हती. न टॉवर, न वायफाय. तरी फोटोत जागा बरोबर आली. ते कसं?”

ही खरी मुद्द्याची गोष्ट. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात शेतकऱ्यानंच वावरात उभं राहून पिकाचा फोटो अ‍ॅपवर टाकायची पद्धत आली. ते अ‍ॅप जागा घेतं ती उपग्रहांकडून. वीस हजार किलोमीटरवरून ते उपग्रह आपली वेळ आणि जागा सांगत फिरतात, फोन ते ऐकून स्वतःच हिशेब करतो. चार उपग्रह ऐकू आले की भागलं, रेंज लागत नाही. उघडं वावर म्हणजे तर त्यांची हक्काची जागा. नेट असलं की कोणता उपग्रह कुठं आहे ते आयतं मिळतं आणि जागा लवकर लागते. नसलं तर मिनिटभर उन्हात थांबावं लागतं, एवढाच फरक. फोटो घरी येऊन रेंज मिळाल्यावर चढतो. थोडक्यात, पराटीत उभा असलेला शेतकरी फोनला नीट सापडतो आणि पक्क्या घरात बसलेली सून सापडत नाही.

“आन् वाघीन सापडली नाई दोन सालं,” काकू म्हणाल्या.

आमच्याकडे माग काढायचा विषय निघाला की तो बोराटीवर येतोच. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ टी-1 म्हणजे अवनी वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलेलं. तिला शोधायला झाडाझाडांवर कॅमेरे, हत्ती, ड्रोन, पॅराग्लायडर, शिकारी कुत्रे, एवढंच काय, वास लावायला परदेशी अत्तरसुद्धा आणलं होतं. त्या दिवसांत काका वावरात एकटे जात नसत, दिवस मावळायच्या आत बैलबंडी घरी असे. तिच्या गळ्यात कॉलर नव्हती. पुढच्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला कॉलर लावली, तर तो चालत चालत पार बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचा प्रवास तीन हजार किलोमीटरच्या वर भरला आणि तो कुठून कुठून गेला ते सगळं उपग्रहावरून दिसत होतं. किती गावांच्या शिवारातून तो रात्री गुपचूप निघून गेला होता! वावराच्या धुऱ्यावरून वाघ गेला हे गावाला कळलं नाही आणि शास्त्रज्ञांना कळलं.

काकूंना यातून एक नवी कल्पना सुचली. काका हरभऱ्याच्या जागलीला आता सुरुवात करणार, रानडुकरांचा त्रास फार. “मंग बुढ्याच्या फोनातच थे टिकल्याचं करून द्या ना. मले रातभर दिसन.”

मी म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅपवर करून देते, पण रातभर आकाशाखाली उपग्रह दिसला तरी तुमच्यापर्यंत पोचायला रेंज लागेल. ती वावरात नाही. एक कांडी येते ती विहिरीच्या काठावर.

“मंग विहिरीपाशी बसा म्हनाव.”

“त्यात वेळ निवडावी लागते. पंधरा मिनिटं, एक तास नाहीतर आठ तास.”

“आठ लावा. आपलं काय जाते.”

त्यांनी काकांचा फोन आणून तारेवरून माझ्या हातात दिला. जागलीला जाणारा माणूस फोन घरीच ठेवून गेला होता आणि बॅटरी चार टक्के. सून चार्जर आणायला आत गेली आणि आतूनच ओरडली की लाईन गेली. काकूंनी फोन परत घेतला, लसणाची सालं कुंपणाबाहेर झटकली, आणि यंदा पहिल्या वेचणीचा कापूस कुणी ओला विकला ते सांगायला लागल्या.