नाणेसाहेब

आमच्या आळीतील नानासाहेबांना लोक ‘नाणेसाहेब’ म्हणू लागले, तेव्हा त्यांनी यत्किंचितही रोष न धरता, जणू हुजुरातून सनदच रुजू झाली आहे अशा गांभीर्याने ते नाव स्वीकारले. कारण खजिन्याच्या कचेरीत तीस वर्षे परक्याचा पैसा मोजण्यात घालविल्यावर, कधीही न खर्चावयाची नाणी आपल्या पदरी असावीत, ही त्यांची वासना निवृत्तीनंतर अनावर झाली होती.

सरकारी टाकसाळीने स्मारक-नाण्याची जाहिरात काढली की मागणी नोंदविणाऱ्यांत नानासाहेब अग्रभागी. एकच नाणे मागविणे त्यांना कोतेपणाचे वाटे. एक संग्रहासाठी, एक अदलाबदलीसाठी, एक नातवासाठी आणि एक ‘प्रसंगासाठी’! हा प्रसंग कोणता, याचा खुलासा अद्याप दफ्तरी नाही.

एका सायंकाळी त्यांनी हातमोजे चढवून, मखमलीच्या खणातून, नव्या संसद भवनाच्या स्मरणार्थ 2023 साली निघालेले 75 रुपयांचे नाणे डबीसकट माझ्यापुढे धरले. 44 मिलिमीटर व्यास, 35 ग्रॅम वजन, त्यात निम्मी चांदी.

“नुसते पाहा,” ते म्हणाले, “आणि श्वास तेवढा पलीकडे सोडा. अत्यंत दुर्मिळ आहे.”

“किती काढली होती?”

“मर्यादित!”

आता ही मर्यादा नेमकी कशाची, याची खातरजमा करू गेल्यास असे दिसते की अशा नाण्यांच्या बाबतीत पुष्कळदा मुदत तेवढी ठरलेली असते, आणि त्या मुदतीत जितके नानासाहेब मागणी नोंदवितील तितकी नाणी पाडली जातात. म्हणजे नाण्यांची मर्यादा ही वस्तुतः नानासाहेबांच्या संख्येची मर्यादा होय, आणि ती संख्या या देशात कधी घटल्याचे ऐकिवात नाही.

शिवरायांच्या राज्याभिषेकानंतरची तांब्याची शिवराई पिढ्यान्‌पिढ्या बाजारात फिरली, झिजली, शेतात पडली, भांड्यांच्या भट्टीत गेली, आणि इतके होऊनही आज ढिगाने सापडते. सोन्याचा होन मात्र हाती लागणे महाकठीण, कारण त्याला आटविणारे हात फार होते. दुर्मिळ होण्यासाठी नाण्याला आधी हरवावे, झिजावे, वितळावे लागते. नानासाहेबांच्या नाण्यांना यातले एकही भाग्य लाभत नाही, कारण ती सारीच्या सारी, मखमलीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह, सुखरूप आहेत.

एकदा अदलाबदलीचे नाणे घेऊन ते एका स्नेह्याकडे गेले, तो त्या गृहस्थाकडेही तेच नाणे, आणि तेही अदलाबदलीसाठीच राखलेले. तिसऱ्याकडे गेले, तेथेही तोच मामला. चहा तेवढा तीन ठिकाणी झाला. वहिनींनी त्यांच्या नकळत एक नाणे सराफाकडे नेऊन पाहिले, तेव्हा त्याने चांदी तेवढी हिशेबात धरली. दुर्मिळता तराजूत बसेना.

परवा तर कहरच झाला. डबी पुसताना ‘प्रसंगासाठी’ राखलेले नाणे निसटले आणि घरंगळत जे गेले ते कपाटाखाली अंतर्धान पावले. नानासाहेबांचा चेहरा पंचनाम्याच्या कागदासारखा पांढरा पडला. स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, जाऊ द्या की! एक हरवलं म्हणजे उरलेली तीन तेवढी दुर्मिळ झाली.”

अर्थशास्त्राचे इतके निर्मळ निरूपण मी अन्यत्र ऐकलेले नाही. नानासाहेब क्षणभर विचारात पडलेही. पण लगेच धोतराचा सोगा खोचून, बॅटरी आणि छत्रीची दांडी घेऊन, ते जमिनीला पोट लावून पसरले, आणि अर्ध्या तासाने कोळिष्टकांसह ते नाणे बाहेर काढून त्यांनी पुन्हा डबीत बंद केले.

जगातील त्या नाण्यांची संख्या पूर्ववत झाली.