दहा मूल्ये आणि पैकीच्या पैकी

महाराष्ट्रातल्या शाळांसाठी मूल्यशिक्षणाची १० मूल्ये ठरवून देणाऱ्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. राष्ट्रभक्तीपासून नीटनेटकेपणापर्यंत यादी कशी आटोपशीर! परिपाठात सुविचार फळ्यावर चढला, बोधकथा उरकली, की त्या दिवसापुरती नीती संपन्न. पहिल्या तासाला गणित.

आता एक पाऊल पुढे टाकावे. संवेदनशीलतेचे क्रॅश कोर्स निघावेत, सौजन्यशीलतेचे गाइड सवलतीत मिळावे. श्रमप्रतिष्ठेचा प्रकल्प मात्र आहे तसाच राहू द्या: आई रात्री साडेअकराला थर्माकोल कापते, बाबा फेव्हिकॉल लावतात, चिरंजीव झोपलेले असतात. सकाळी ‘अ’ श्रेणी! (हस्ताक्षर आईचे आहे हे बाईंना कळते. त्यांच्याही घरी मूल आहेच.)

तरी यादी करणाऱ्यांची खरी दूरदृष्टी वेगळीच. हप्तेवाला दारात उभा असतो, बाबा आतून खुणा करतात आणि दुसरीतले पोर न अडखळता सांगते, “बाबा गावाला गेलेत.” यात पोराने अभ्यासक्रमाबाहेर काहीच केलेले नाही. यादी काढून पाहा. वक्तशीरपणा आहे, नीटनेटकेपणा आहे. खरे बोलणे त्या दहांत नाही.