रा. रा. सायकलमार्ग यांस अनावृत पत्र

॥ श्री ॥

रा. रा. सायकलमार्ग यांस,
मुक्काम पुणे (नकाशातील)

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपण हयात आहात किंवा कसे, आणि असल्यास आपले वास्तव्य नेमके कोठे आहे, याचा उलगडा गेली दोन-अडीच वर्षे आटोकाट शोध घेऊनही न झाल्यामुळे चारचौघांत आपल्याला हाक मारण्यावाचून मला गत्यंतर उरलेले नाही. मी बत्तीस वर्षे सरकारी दफ्तरात कारकुनी केली. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे पण जमिनीत ज्याची वहिवाट नाही असा कबजेदार, आणि ज्याची वहिवाट आहे पण नाव कोठेच नाही असे कूळ, असे दोन्ही प्रकार मी पुष्कळ पाहिले. परंतु ज्याचे नाव नकाशावर, फलकावर आणि अंदाजपत्रकातही आहे, ज्याच्या अंगावर लाल रंग चढवून वर सायकलीचे पांढरे चित्रही रेखाटलेले आहे, आणि तरीही ज्याच्या जागेत त्याच्याखेरीज साऱ्या गावाचे बिऱ्हाड आहे, असा मालक आपल्या रूपाने प्रथमच पाहण्यात आला.

ज्या काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, आणि तसे म्हणण्यात अतिशयोक्तीचा लवलेशही नसे, त्या काळी आपला जन्म झालेला नव्हता. त्याची गरजही नव्हती. सकाळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे कामगारांच्या सायकलींचा लोंढा निघाला की त्यातून वाट काढण्याची चिंता मोटारवाल्याने करायची असे. त्या काळी सायकलीला बिल्ला लागे. वर्षाचा कर भरल्यावर मिळणारा तो धातूचा तुकडा पुढे अडकवलेला नसला, रात्री दिवा नसला, किंवा मागे कॅरिअरवर मित्र बसलेला असला, तर चौकातला हवालदार शिट्टी फुंकून खाली उतरवी आणि प्रसंगी चाकातली हवाही सोडून देई. त्या जाचाचा आम्हाला तेव्हा फार संताप येत असे. आज उतारवयात ध्यानात येते की तो बिल्ला ही आमची सनद होती, कारण जिच्यावर कर बसतो, जिला दिवा लागतो आणि जिला हवालदार अडवतो, ती वस्तू वाहन आहे, हे सरकारदरबारी मान्य असल्याचा तो पुरावा होता. बिल्ला गेला, जाच गेला आणि सायकलीचे वाहनपणही त्याच वाटेने गेले. आता ती आरोग्यदायी आहे, पर्यावरणस्नेही आहे, संस्कारक्षमही असेल. पण वाहन तेवढी नाही.

हे कळण्यापूर्वी माझ्या हातून एक अविचार घडला. २०१७ साली या शहरासाठी सायकलींचा एक सर्वंकष आराखडा मंजूर झाला आणि त्यात आपला विस्तार ८०० किलोमीटरांहून अधिक कल्पिलेला असल्याचे वर्तमानपत्रात झळकले, तेव्हा मी ते कात्रण जपून ठेवले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली नाक्यानाक्यावर अवतरल्या आणि मोजके पावसाळे काढून अंतर्धान पावल्या, त्यावरून माणसाने बोध घ्यायला हवा होता. तो न घेता, २०२३ साली, निवृत्तिवेतनातून शिल्लक टाकलेल्या पैशांतून, केवळ आपल्या कीर्तीच्या भरवशावर मी नवी सायकल खरेदी केली. म्हणून त्या खरेदीची हकिगतही आपल्याच कानी घालणे भाग आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावात किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान होते, आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकल विकत तसे ती चालवायलाही शिकवीत. मी ज्या दुकानात गेलो तेथे चालवणे हा विषयच वर्ज्य होता. सायकल एका चौथऱ्यावर, प्रकाशझोतात, मूर्तीसारखी स्थापिलेली होती. तिला मडगार्ड नव्हते, कॅरिअर नव्हते, स्टँड नव्हता, घंटी नव्हती आणि कुलूपही नव्हते. ही सर्व आभूषणे स्वतंत्र दरपत्रकानुसार उपलब्ध असल्याचे विक्रेत्याने अदबीने सांगितले. पावसाळ्यात चिखल उडू नये, भाजीची पिशवी मागे लावता यावी आणि सायकल स्वतःच्या पायावर उभी राहावी, या माझ्या अपेक्षा ऐकून तो म्हणाला, “म्हणजे तुम्हाला वापरायला हवीये का?” या प्रश्नात सगळे युग सामावलेले आहे, असे मला वाटते.

चाकाच्या मापाचाही असाच एक चमत्कार तेथे उघडकीस आला. आमच्या जुन्या काळ्या सायकलीचे चाक २८ इंची, नव्या सायकलीचे २९ इंची. तेव्हा नवे मोठे, असे कोणीही सरळमार्गी माणूस समजेल. प्रत्यक्षात त्या जुन्या २८ इंचीला ६३५ मिलिमीटरची रिम लागते आणि या नव्या २९ इंचीला ६२२ मिलिमीटरची. आणि हीच ६२२ची रिम दुसऱ्या एका सायकलीवर ७०० या नावाने नांदते. आकडा वाढला की वस्तू कमी होते, हा बाजाराचा न्याय डाळीच्या पुड्यांपुरताच मर्यादित आहे अशी माझी आजवर समजूत होती.

चौथ्या दिवशी हवा कमी वाटली म्हणून पिंपळाखालच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. टॉमी, कानस, सोल्युशनची ट्यूब आणि गढूळ पाण्याचे घमेले एवढ्या सामग्रीवर ज्याने तीन मुलांची शिक्षणे केली, त्या गृहस्थाने चाकाशी उकिडवे बसून व्हॉल्व्ह न्याहाळला. आमच्या जुन्या सायकलींना जो जाडसर, रबरी नळीचा साधा व्हॉल्व्ह असे तो हा नव्हता, आणि मोटारसायकलीला असतो तोही नव्हता. हा पेन्सिलीइतका सडपातळ, टोकाशी इवलीशी चकती फिरवून उघडायचा, फ्रेंच घाटाचा. पंक्चरवाल्याने पंपाचे तोंड दोनदा लावून पाहिले, दोन्ही वेळा असलेली हवा फुस्सकन निघून गेली, आणि हात पुसत तो शांतपणे म्हणाला, “काका, ही हवा आपल्याकडं मिळत नाही.” मग ज्या दुकानात सायकल घेतली तेथूनच एक पितळी टोपण विकत आणले. ते बसवल्यावर मात्र पिंपळाखालची हवा फ्रेंच चाकात बिनतक्रार शिरली.

आता कराविषयी. मी सायकल घेतली तेव्हा तिच्यावर वस्तू व सेवा कर १२ टक्के होता. ऑगस्ट २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारीवर तो ५ टक्के होता. माझ्या शेजाऱ्यांनी अशीच एक विजेची मोटार घेतली. तेव्हा पर्यावरणाची सेवा करणाऱ्या दोन इसमांपैकी जो पायांनी सेवा करतो त्याने शेकडा बारा द्यावेत आणि जो बसून करतो त्याने पाच, अशी ही व्यवस्था सहा वर्षे चालली. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलही ५ टक्क्यांच्या पंक्तीला येऊन बसली हे न्यायाचेच झाले; फक्त माझे जेवण तोवर उरकले होते. आणि ती शेजाऱ्यांची मोटार रात्रंदिवस कोठे उभी असते, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. भार आपल्याच छातीवर आहे.

सायकल सजली, हवा भरली आणि मी आपल्या दर्शनाला निघालो. दोन-तीनदा आपण हाती लागला नाहीत, तेव्हा जुन्या सवयीने मी आपला रीतसर पंचनामाच केला. पंच म्हणून आमच्या वाड्यातले एक निवृत्त ओव्हरसिअर आणि कोपऱ्यावरचा फुलवाला अशा दोघांना सोबत घेतले, टेप लावली, आणि नोंदी घेतल्या त्या येणेप्रमाणे: एकूण लांबी ३४० मीटर. आरंभी रुंदी २ मीटर १० सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच सायकलमार्गाला किमान २ मीटर रुंदी सांगितलेली असल्याने ओव्हरसिअर साहेबांना अभिमानाने भरून आले. ते भरते १२व्या मीटरवर ओसरले, कारण तेथे विजेची डी.पी. होती. ३१व्या मीटरवर गुलमोहर. आपण त्याला वळसा न घालता थेट त्याच्या बुंध्यातून आरपार गेला आहात. ५४व्या मीटरवर बसथांब्याचे छप्पर आणि त्याचे दोन खांब. ७० ते ९० मीटर वडापावची गाडी, दोन बाकडी, एक पिंप व गिऱ्हाईक. १४०पासून २०५पर्यंत चारचाकी ९, दुचाकी २३. २१०व्या मीटरवर पावसाळी पाण्याची लोखंडी जाळी. तिच्या पट्ट्या सायकलीच्या दिशेला इतक्या काटेकोर समांतर की एखाद्याने टायर मापून त्यांतील फटी ठेवल्या असाव्यात. या जाळीची खातरजमा पूर्वीच माझ्या पुढच्या चाकाने करून दिलेली होती, आणि माझ्या डाव्या कोपराने तीवर साक्ष घातलेली होती. २६०पासून गणपतीच्या मांडवाचे खड्डे. उत्सव झाला, विसर्जन झाले, खड्डे स्थापित. ३३८व्या मीटरवर एक खांब आणि खांबावर फलक: ‘सायकलमार्ग समाप्त’. हा खांब आपल्या मधोमध रोवलेला आहे. शेवटचा रकाना ‘मार्गावर आढळलेल्या सायकली’ असा होता. त्यात मी दफ्तरी शिरस्त्याप्रमाणे लिहिले: निरंक.

कायदा आपल्या बाजूचा आहे. सायकलमार्गावर गणवेशधारी पोलिसाच्या परवानगीखेरीज मोटार हाकू नये, असे १९८९ सालच्या रस्त्याच्या नियमांत स्पष्ट नमूद होते. ते मी एका मोटारवाल्या सद्गृहस्थांना नम्रपणे ऐकवले. त्यांनी काच चार बोटे खाली करून मला सांगितले, “अहो, मी हाकतोय कुठं? उभी आहे ना!” ती मोटार तेथे न हाकता, आकाशमार्गे उतरली असावी असे गृहीत धरून मी माघार घेतली.

येथवर सारे सहन करण्याजोगे होते. जे सहन होत नाही ते पुढेच आहे. आपल्याला रोज सुखरूप ओलांडून मी मुख्य रस्त्याच्या डाव्या कडेने जाऊ लागलो, की मागून भोंगा वाजतो आणि पाठोपाठ आवाज येतो: “आजोबा, तुमच्यासाठी ट्रॅक केलाय ना तिकडं!” म्हणजे ज्या मुलखात आमचा अंमल कधीच बसला नाही, त्याची जहागीर आमच्या नावे लिहून, तिच्या मोबदल्यात आमचा वहिवाटीचा रस्ता खालसा करण्यात आला आहे. आपण आम्हाला जागा दिली नाहीत, इतकेच असते तर तक्रार नव्हती. आपल्या नावावर आमची होती ती जागा गेली.

वर्षातून एखाद्या रविवारी आपला व आमचा सत्कारही होतो. सकाळी सहाला रस्ता मोकळा करतात, सारख्या रंगांचे बनियन वाटतात, प्रतिष्ठित पाहुणे झेंडा दाखवतात आणि शंभर पावले सायकल चालवून घामाघूम झाल्यावर मोटारीत बसून घरी जातात. त्याच वेळी शेजारून पेपर टाकणारा पोरगा, रात्रपाळी संपवून निघालेला रखवालदार, हँडलला थापी आणि डबा अडकवलेला गवंडी असे सायकलवाले मुकाट्याने जात असतात. त्यांना कोणी बनियन देत नाही, कारण ते प्रचार करीत नसून कामावर जात असतात. आपले नावही त्यांनी ऐकलेले नाही. १९२३ साली मुंबईहून सायकलीवर निघून अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे तरुण १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांना वाळवंटे आणि अरण्ये लागली, पण त्यांच्या वाटेत सायकलमार्ग कोठे आड आल्याचे माझ्या वाचनात नाही.

तेव्हा विनंती अशी की, आपण एकदा काय तो निश्चय करावा. खरोखर असायचे असेल तर खांब, जाळी, डी.पी. आणि शेजाऱ्यांची मोटार यांच्याकडून आपला कबजा सोडवून घ्यावा आणि जेथे आम्हाला जायचे असते तेथपर्यंत यावे. ते होणे नसेल तर राजीनामा द्यावा. आपले दोन मीटर रस्त्याला परत करावेत, लाल रंग पुसून टाकावा, आणि जाताना एक कागद करून द्यावा की, सायकल हे वाहन असून तिला सबंध रस्त्याचा हक्क आहे. वाटल्यास पुन्हा बिल्ला लावू. कर भरू, दिवाही लावू. हवालदाराने हवा सोडली तरी चालेल. पितळी टोपण खिशात आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
रस्त्याच्या डाव्या कडेचा एक वहिवाटदार

ता. क. टपालखात्याला आपला पत्ता सापडणार नाही म्हणून हे पत्र मी स्वहस्ते घेऊन आलो. आपल्या अंगावर ठेवायला मोकळी जागा न दिसल्याने एका मोटारीच्या वायपरखाली खोचले आणि पिंपळाखाली बसून वाट पाहिली. अर्ध्या तासाने मालक आले. त्यांनी कागद काढला, जाहिरात समजून चुरगळला आणि खाली टाकला. तो बरोबर सायकलीच्या पांढऱ्या चित्रावर पडला. पंचांसमक्ष बजावणी झाली, अशी नोंद मी घेतली आहे.