आर. के. पुरमचा कंपनतज्ज्ञ

दक्षिण दिल्लीतील रामकृष्ण पुरम, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेले आर. के. पुरम, ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत सेक्टरांत विभागलेली असून, तेथील बहुतेक सेक्टरांत बदलीवर आलेली चार-दोन मराठी कुटुंबे आणि त्यांच्यात निदान एक कंपनतज्ज्ञ हमखास आढळतो. ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास थरथरू लागणाऱ्या कोणत्याही मोटारीचे निदान स्वतः जागचे न हलता करणारा गृहस्थ, अशी त्याची व्याख्या करता येईल. जागचे न हलण्याची अट मात्र त्याची नव्हे, परिस्थितीची आहे. कारण सेक्टरातील गतिरोधक, भाजीचे ठेले आणि क्रिकेट यांतून वाट काढताना काटा तिसाच्या वर जात नाही, आणि कायदा न मोडता शंभरी गाठायची तर शहराबाहेर पडून, २०२३च्या फेब्रुवारीत सोहना ते दौसा खुल्या झालेल्या दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर चढावे लागते. त्यामुळे रोगी आणि वैद्य क्वचितच एका जागी असतात, आणि बहुतेक चिकित्सा फोनवरूनच होते.

हा तज्ज्ञ शिक्षणाने बहुधा स्थापत्य अभियंता असतो, सेवा भवनातील केंद्रीय जल आयोगात काम करतो आणि त्याआधी खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत काही वर्षे काढून आलेला असतो. मोटारींशी त्याचा शास्त्रीय संबंध एवढाच, की त्याची सासुरवाडी कोथरूडला असून तिच्या गच्चीवरून एआरएआयची, म्हणजे मोटारगाड्यांची चाचणी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, टेकडी स्पष्ट दिसते. “आमच्या एआरएआयला विचारा” हे वाक्य तो ज्या हक्काने उच्चारतो, तो हक्क जावयाखेरीज कोणाला शोभला नसता.

त्याच्या निदानपद्धतीची थट्टा करणाऱ्यांनी ती आधी समजून घ्यावी, कारण ती निर्दोष आहे. दिवाळीच्या सुटीत गावाकडे निघालेल्या शेजाऱ्यांचा द्रुतगती मार्गावरून फोन येतो आणि मागच्या बाकावरून आवाज ऐकू येतो, “भावजी, गाडी फार थरथरतेय हो!” त्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “वहिनी, स्टेअरिंग थरथरतंय, की सीट?” स्टेअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, आणि सीट किंवा पायाखालची फरशी थरथरत असेल तर मागच्या चाकांत शोधावा, हा या शास्त्राचा पहिला नियम होय. दुसरा प्रश्न ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर काय होते, हा असतो. पाय काढताच थरथर थांबली तर संशय चाकांवरून उडून ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यावर आणि विशेषतः त्याच्या आतल्या सांध्यावर जातो. ती तशीच राहिली आणि एकशेदहाच्या पुढे कमी झाली, तर तज्ज्ञाचा आवाज एकदम मऊ होतो, कारण हे चाकांच्या असमतोलाचे पाठ्यपुस्तकी लक्षण असते.

असमतोल म्हणजे चाकाचे वजन त्याच्या परिघावर सारखे वाटलेले नसणे. चौदा इंची रिमच्या कडेला अवघ्या पंधरा ग्रॅमचा फरक असला, तरी ताशी शंभरच्या वेगाला सेकंदाला सुमारे पंधरा फेऱ्या घेणारे ते चाक दर फेरीला जवळपास अडीच किलो वजनाइतका हिसका आसाला देते. वेग निम्मा झाला की हा हिसका चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणूनच सेक्टरातल्या सेक्टरात गाडी अगदी सात्त्विक भासते. शिवाय चाक आणि सस्पेन्शन यांची स्वतःची अशी एक डोलण्याची गती असते, ती सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळांची. फेऱ्यांची गती तिच्याशी जुळली की हादरे वाढतात आणि ती ओलांडली की ओसरतात. अनेक मोटारमालक या ओसरण्यालाच दुरुस्ती समजून वेग वाढवतात, हे मात्र चिंताजनक आहे.

रोगी परतल्यावर रविवारी सकाळी प्रत्यक्ष तपासणी होते. तज्ज्ञ गुडघ्यांची कुरकुर सोसून चाकापाशी उकिडवा बसतो, टॉर्चचा झोत रिमच्या आतल्या बाजूला टाकतो आणि धुळीने काळवंडलेल्या कडेवर बोटाच्या पेराएवढा स्वच्छ चौकोन शोधून काढतो. बॅलन्सिंगचे चिकटवलेले वजन निखळून पडल्याची ती खूण असते. चौकोन सापडला नाही तर रिममध्ये वाळून बसलेला चिखल खरवडला जातो, टायरच्या कुशीवर फुगा आला आहे का ते चाचपले जाते आणि मग मागचे चाक पुढे, पुढचे मागे, अशी अदलाबदल फर्मावली जाते, कारण त्यानंतर थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली तर आरोपी चाक आपोआप पकडले जाते. जॅक मालकाने फिरवायचा असतो. तज्ज्ञ टॉर्च धरतो.

या सर्वांची नोंद तपकिरी फायलीत होते. “परिच्छेद ३ मधील निरीक्षण पाहता, सबब, मागील उजवे चाक पुढे आणून पुनर्परीक्षण करण्यास हरकत नसावी. मान्यतेस्तव सादर,” असे तो डावीकडे लिहितो आणि त्याखाली वेगळ्या शाईने “मान्य” असा शेरा मारून स्वतःच सही करतो.

त्याचे खरे वैर आहे ते मुनिरकाच्या टायरवाल्याशी, कारण तो प्रत्येक थरथरीवर अलाइनमेंटचा उतारा देतो. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे परस्परांशी आणि रस्त्याशी असलेले कोन जुळवणे; ते बिघडल्यास गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात, पण स्टेअरिंग सहसा थरथरत नाही. टायरवाला बॅलन्सिंग मशीनवर उमटलेल्या दोन शून्यांकडे बोट दाखवून “देख लो साहब” म्हणतो, तेव्हा तज्ज्ञ शांतपणे विचारतो, “मशीन पर गाडी का वजन कहाँ है?” हा प्रश्न बिनतोड आहे. रिम वाकलेली असो किंवा टायर नीट गोल नसो, भाराशिवाय फिरणाऱ्या चाकात वजने लावून समतोल साधता येतो; गाडीचा भार पडल्यावर मात्र तेच चाक दर फेरीला उडी मारते. बाहेरून अलॉय चाके बसवणाऱ्या तरुणांना तो याहून कठोरपणे वागवतो. चाकाचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल आणि ती फट भरणारी कडी घातलेली नसेल, तर चाक केसभर सरकून बसते, आणि या केसभर अंतरावर तो पाऊण तास बोलू शकतो.

त्याची स्वतःची गाडीही थरथरते. कार्यालय चालत गाठता येत असल्याने ती आठवडेच्या आठवडे कडुनिंबाखाली उभी असते, थंडीत तिच्या टायरांना जमिनीला टेकलेल्या जागी चपटेपणा येतो आणि सुरुवातीचे काही किलोमीटर ती धडधडत जाते. यावरचा उपाय गाडी अधूनमधून चालवणे आणि टायरांत हवा पुरेशी ठेवणे एवढाच असल्याचे फायलीत नमूद आहे, पण घरच्या वहिनीसाहेबांच्या मते त्या परिच्छेदाखाली अद्याप “मान्य” लिहिले गेलेले नाही.

तरीही महामार्गावर गाडी थरथरू लागल्यास आर. के. पुरममधील वाचकांनी खिशात हात घालण्यापूर्वी त्याला जरूर विचारावे. तो फुकट आहे आणि बहुधा बरोबर असतो. थरथर केवळ ब्रेक दाबल्यावरच जाणवत असेल तर मात्र त्याच्याकडे न जाता थेट गॅरेजमध्ये जाऊन पुढच्या डिस्क तपासून घ्याव्यात, कारण ब्रेक हा विषय त्याच्याकडे नसून सेक्टर बारामधील एका तमिळ गृहस्थांकडे आहे, आणि ते मार्चपर्यंत रजेवर आहेत.