गरम मसाल्याला इथे काम नाही

जमैकाच्या जर्क मसाल्याची कृती मराठी स्वयंपाकघरात आली की पहिल्याच ओळीवर अडते. तिथे लिहिलेलं असतं : ऑलस्पाइस, दोन मोठे चमचे. ऑल म्हणजे सगळे, स्पाइस म्हणजे मसाले. सगळे मसाले एकत्र म्हणजे गरम मसाला, आणि तो तर डब्यात आहेच. इतकं बिनतोड तर्कशास्त्र इतक्या चुकीच्या जागी क्वचितच पोचत असेल. ऑलस्पाइस हे मिश्रणच नाही. ते एका झाडाचं फळ. हिरवं असतानाच तोडून उन्हात वाळवलेलं, तपकिरी, मिऱ्यापेक्षा जरा थोराड. कानाशी धरून हलवलं तर आतल्या बिया खुळखुळतात. लवंग, दालचिनी आणि जायफळ एकाच पुडीत बांधल्यासारखा त्याला वास येतो, म्हणून इंग्रजांनी त्याचं हे नाव ठेवलं आणि पुढच्या पिढ्यांची दिशाभूल केली. जर्क मसाल्यात बाकी सगळ्याची तडजोड चालते, या दाण्याची चालत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

नावावर विसंबून रांधायचं म्हटलं तर याच्याइतका फसवा मसाला सापडायचा नाही. कोलंबस निघाला मिरी शोधायला. मिरी मिळाली नाहीत, हे दाणे मिळाले, तर स्पॅनिशांनी त्यांनाच मिरीचं नाव देऊन टाकलं. जमैकात आजही त्यांना पिमेंटो म्हणतात. (उद्दिष्ट साध्य झालं नाही तर जे झालं त्यालाच उद्दिष्ट म्हणायचं, ही अहवाल लिहिण्याची पद्धत तेव्हापासूनची असावी.) जर्कमध्ये पडणारी मिरची स्कॉच बॉनेट. ती कॅरिबियनची, पण नाव स्कॉटलंडच्या टोपीचं. तिच्या जातीचं शास्त्रीय नाव कॅप्सिकम चायनेन्स, कारण 1776 मध्ये ते ठेवणाऱ्या याकँ या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती चीनची वाटली. जात निघाली अमेरिका खंडातली. खुद्द ‘जर्क’ हा शब्द क्वेचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून आला असं मानतात, आणि चार्की म्हणजे सुकवलेलं मांस. पण जमैकाच्या बॉस्टन बेला जे जर्क मिळतं ते रसरशीत असतं. आपण तरी कशाला मागे राहावं? आपल्या बाजारात ऑलस्पाइसला कबाबचिनी म्हणतात, आणि खरी कबाबचिनी म्हणजे आपलं विड्यातलं कंकोळ. दाण्याला शेपटीसारखा देठ दिसला तर ते कंकोळ. विडा करावा, जर्क करू नये.

तेव्हा नावं सोडून झाडाकडे जावं. इंग्रजांनी 1655 मध्ये स्पॅनिशांकडून जमैका घेतलं, त्या धांदलीत बरेच गुलाम डोंगरात निसटले. पुढे मळ्यांवरून पळालेले आणखी लोक त्यांना मिळत गेले. हेच मरून. डोंगर, गनिमी कावा आणि अखेर 1739 मध्ये इंग्रजांना करावा लागलेला तह. मराठी वाचकाला यात परकं काहीच वाटणार नाही. या लोकांनी रानडुकराचं मांस मीठ, मिरची आणि पिमेंटो लावून मंद आगीवर भाजलं, तेच जर्क. भाजताना मांस ठेवायचं ते पिमेंटोच्याच ओल्या फांद्यांवर. म्हणजे मसाला त्या झाडाचा, जाळी त्या झाडाची, धूरही त्याचाच. ज्या पदार्थात एकच झाड तीन तीन वेळा कामाला येतं, त्यातून तेच वगळून गरम मसाला घालणं म्हणजे वरण बिनडाळीचं करून वर तुपाची चौकशी करण्यासारखं आहे.

यावर रसायनशास्त्र शिकलेले म्हणतील, ऑलस्पाइसचा मुख्य घटक युजेनॉल, लवंगेचाही तोच. मग लवंग का नको? हिशेब बरोबर आहे. पण लवंगेच्या तेलाची आणि आपली गाठ बहुधा दाढदुखीत पडलेली असते, आणि दोन चमचे लवंग लावलेली कोंबडी खाताना दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. याच हिशेबाने जर्कमधल्या थाइमऐवजी ओवा चालावा, कारण थायमॉल दोघांतही आहे. चिमूटभर चालतोही. चमचाभर घातला तर जर्क न होता पोटदुखीवरचं औषध होतं. जमैकातले लोकही दालचिनी आणि जायफळ घालतात, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. घालतात, पण हात आखडून. दोन चमचे ऑलस्पाइसला एक चमचा मिरी, एक चमचा सुकं थाइम, अर्धा चमचा दालचिनी, किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ. मग मीठ, तिखट, सुंठ, लसणाची पूड आणि थोडा गूळ. तिखटासाठी लवंगी मिरची घ्या. ठसका येईल, स्कॉच बॉनेटचा फळासारखा वास येणार नाही. ही तडजोड मी निमूट मान्य करतो.

दाणे कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंतच परतायचे, काळे करायचे नाहीत, आणि थंड झाल्यावर दळायचे. इथे ‘वर्षाचा मसाला’वाल्यांचा हात बरणीकडे जाईल. जाऊ नये. दळलेल्या ऑलस्पाइसचा वास वर्षभर थांबत नाही, आणि टिकावा म्हणून त्यात हिंगाचा खडा ठेवलात तर जमैकाशी संबंध कायमचे बिघडतील. थोडाच करावा. लावताना पातीचा कांदा, आलं, लिंबू आणि तेल घालून ओला करावा, तंगडीला खोल चिरा देऊन चोळावा, रात्रभर ठेवावा आणि शेगडीवर सावकाश भाजावा. पिमेंटोचं लाकूड नाही म्हणून हळहळू नये. मूठभर दाणे भिजवून निखाऱ्यावर टाकले की धूर बराचसा त्या वाटेनेच जातो. शाकाहारी घरात सुरण घ्यावा, तो हा मसाला मुकाट्याने पितो.

सोबत जमैकात भाजलेलं ब्रेडफ्रूट खातात. ते 1793 मध्ये कॅप्टन ब्लायने तिथे नेलं, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात जेवू घालता यावं म्हणून. कोकणात आणि गोव्यात त्याला निरफणस म्हणतात, रवा लावून त्याची कापं तळतात. नावात फणस आणि आत गरा नाही, म्हणजे जर्कच्या पंगतीला तो शोभतोच.