मुळात काय झालं...

वर्ध्यात आर्वी नाक्याच्या बाजूला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं एक असं दुकान असतं, जिथे आपण नॉन-क्रिमीलेअरसाठी जातो आणि अमेरिकेतल्या एका कंपनीचं चरित्र ऐकून परततो. दुकानदार तिशी ओलांडलेला, चष्म्याची काडी फेविक्विकने चिकटवलेली, टी-शर्टवर ड्रॅगन. गल्लीत त्याला ‘अकरावाला’ म्हणतात. ‘स्कायरिम’ हा गेम ११-११-११ ला आला, हे तो ओळख झाल्याबरोबर सांगतो म्हणून. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र त्याला बायकोला विचारावी लागते.

ही जात पुलगावला असते, हिंगणघाटलाही असते. गेम खेळणारे पुष्कळ. हा गेम कसा झाला ते सांगणारा. सरकारी सर्व्हर बंद पडला की लोकांची तोंडं उतरतात, याचं खुलतं. खुर्ची वळवतो आणि सुरू होतो, “मुळात काय झालं, भाऊ...”

मुळात झालं ते असं. ‘स्कायरिम’ ज्यातला, त्या ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतल्या पहिल्या ‘अरीना’त नुसत्या आखाड्यातल्या लढती व्हायच्या होत्या. करता करता गावं आली, तळघरं आली, जादू आली. आखाडा राहिला बाजूला. पण जाहिरातींचा मजकूर छापून झाला होता! मग नाव तेच ठेवलं. नाताळचा मुहूर्त हुकला आणि गेम आला १९९४ च्या मार्चमध्ये. छापलेला कागद वाया घालवायचा नाही हे अकरावाल्याचंही धोरण. त्याच्या दुकानातली पावती कोणाच्या तरी बिघडलेल्या हॉल तिकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर मिळते.

“अन् ‘एल्डर स्क्रोल्स’ हे नाव कोणाले सुचलं? विजय लक्ष्मण!” इथे तो थांबतो. समोरच्याने चकित व्हावं अशी त्याची अपेक्षा असते. समोरचा म्हणतो, “कोलकात्यात २८१ मारले तोच ना?” तो डोळे मिटून घेतो.

मग १९९६ चा ‘डॅगरफॉल’. त्याचा नकाशा म्हणे १ लाख ६१ हजार चौरस किलोमीटरचा, गावं आणि तळघरं मिळून पंधरा हजारांच्या वर. अकरावाल्याने हिशेब करून ठेवला आहे: आपला वर्धा जिल्हा ६,३०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्या एका गेमात पंचवीस वर्धा जिल्हे बसतात. “आष्टी-कारंज्यासकट?” असं एका तलाठ्याने विचारलं होतं. “सकट,” हा गंभीरपणे म्हणाला. त्या गेमात चुका इतक्या होत्या की माणूस चालता चालता जमिनीतून खाली पडायचा, हेही तो अभिमानानेच सांगतो.

पण त्याची खरी रंगत पुढे आहे. एकदा पीकविम्याला आलेले सेलूकडचे एक काका स्टुलावर बसले होते. १९९७ चा ‘बॅटलस्पायर’ पडला, १९९८ चा ‘रेडगार्ड’ पडला, कंपनी बुडायला आली, असं हा सांगत होता. काकांनी तंबाखू मळायची थांबवली.

“दोन हंगाम लागोपाठ गेले म्हणा की.”

“गेले ना, काका.”

“मंग तिसऱ्यांदा पेरलं का?”

“पेरलं! २००२. ‘मोरोविंड’. असं पिकलं का विचारू नका!”

काका समाधानाने उठले. ड्रॅगन वगैरे त्यांच्या गावीही नव्हता, पण तिसऱ्यांदा पेरणारा टॉड हॉवर्ड हा माणूस त्यांना पटला.

२००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’बद्दल मात्र सांभाळून बोलावं. त्या साली कंपनीने गेममधल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकलं. अकरावाल्याचा राग अजून गेलेला नाही. त्याच्या वडिलांचं मत निराळं. ते मूळचे सिंदी रेल्वेचे. “तान्ह्या पोळ्यात आपण लाकडाच्या नंदीले सजवतोच ना? त्याले का पैसे लागत नाही?” यावर त्याच्याकडे उत्तर नाही.

घरच्यांचंही खरं आहे म्हणा. मे महिन्यात वर्धा पंचेचाळिशी गाठतं तेव्हा घरातला कूलर कॉम्प्युटरच्या डब्याकडे तोंड करून असतो. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, “पाहा, डब्याले कूलर अन् बापाले पंखा!”

आता गंमत ऐका. ‘स्कायरिम’ त्याने पूर्ण केलेलाच नाही. सुरुवातीला हात बांधलेल्या कैद्यांची गाडी येते, मग आपल्या पात्राचा चेहरा घडवायचा असतो. हा नाक घडवतो, भुवया घडवतो, मग नाक पटत नाही म्हणून पुन्हा नव्याने सुरू करतो. मधेच गिऱ्हाईक येतं. ज्या अल्डुइन नावाच्या ड्रॅगनला मारण्यासाठी एवढा खटाटोप, तो आर्वी नाक्यावर सुखरूप आहे. तरी तोच गेम २०१६ ला नव्या वेष्टनात आला आणि २०२१ ला पुन्हा आला, तेव्हा याने दोन्ही वेळा घेतला. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी साडेसातशे कोटी डॉलरना घ्यायचं २०२० मध्ये जाहीर केलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता की निदान विचारायचं तरी.

मालिकेच्या सहाव्या भागाची घोषणा झाली जून २०१८ मध्ये: मिनिटाच्या आतली चित्रफीत, थोडे डोंगर, थोडं संगीत. ते डोंगर कोणत्या मुलखातले असावेत, हे तो समजावून सांगतो तेव्हा झेरॉक्स मशीनसुद्धा गरम होऊन बंद पडतं.

एरवी माणूस लाखाचा. फॉर्ममध्ये चूक नाही, म्हाताऱ्यांकडून पैसे घेत नाही, स्कॉलरशिपची तारीख पोरांना आठवणीने फोन करून कळवतो. तेव्हा काम त्याच्याकडेच न्या. फक्त शेवटच्या तारखेला जाऊ नका, आणि गेलातच तर सहावा भाग कधी येणार, हे विचारू नका.